मागच्या चाकाची बेरिंग: जुन्या गाडीवाल्यांनो, आपापलं सांगा

घरची जुनी मारुती ८०० अजून जळगाव-पाचोरा करते. हल्ली साठच्या पुढे गेलं की मागून घूंऽऽ चालू होतं, टायरवाला म्हणतो टायर बदला, मेकॅनिक म्हणतो, "टायरना दोष नही भाऊ, बेरिंग गयी." कोणी काम केलं असेल तर डिटेलमधी लिहा.

चाळीसगावकर: कन्नड घाटात घेऊन जा, लगेच कळतं. आमची डावीकडे वळली की आवाज चढायचा, उजवीकडे वळली की दबायचा. डाव्या वळणाला भार उजव्या चाकावर जातो ना, मग उजवी खोलली, तीच गेलेली. टायर बोंबलत असेल तर आवाज रस्त्यागणिक बदलतो.

भुसावळचा ऊन्हाळा: घाट कशाला, जॅक लावा. पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक खाली, चाक वरखाली धरून हलवायचं. खटखट लागली की संपलं. नसेल लागत तर चाक फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, खरखर हाताला येते.

धुळेकर ८०० वाला: बेरिंग स्वस्तय, बसवणारा बघून घ्या. आमच्याकडे एका गॅरेजवाल्याने नवी बेरिंग ब्रेकच्या ड्रममधी बसवताना हातोडी थेट आतल्या रिंगवर हाणली, म्हणजे सगळा मार गोळ्यांवर, महिन्याभरात परत तेच घूं. मग ड्रम लेथवाल्याकडे नेला, त्याने जुन्या बेरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून प्रेसने दाबली, सरळ गेली आत. दोन बेरिंगच्या मधी अंतर राखणारी नळी, म्हणजे स्पेसर असतो, तो विसरू देऊ नका, नाहीतर नट आवळला की चाक जाम होतं आणि बेरिंग तापून जळते. नटाचा काठ खाचेत ठोकलेला असतो, तो आधी उचलायचा न नट नवाच टाकायचा, पन्नास रुपड्यांसाठी चाक कशाला निसटू द्यायचं!

शहाद्याहून: आमच्याकडे पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती ड्रमपर्यंत चढते. बेरिंगचं रबरी सील कडक झालं की पाणी आत, ग्रीसचा चहा होतो. सील सोबतच बदला. न दुकानात जाताना जुनी बेरिंग खिशात, नंबर जुळवूनच घ्या, डुप्लिकेट लई फिरतं.

अमळनेर पद्मिनी: आमच्या पद्मिनी गाडीचं गणितच वेगळं भो, मागे अख्खा अ‍ॅक्सल ओढून काढावा लागतो, बेरिंग प्रेसशिवाय हलत नाही. तुमचं सुखाचंय.

(धागाकर्ता): मस्त! ड्रमच निघत नसेल तर? आमचा गच्च बसलाय. आणि दोन्हीकडच्या एकदम टाकू का?

धुळेकर ८०० वाला: हँडब्रेकची केबल ढिली कर, ब्रेकचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) आत घे. ड्रमच्या आत काठ चढलेला असतो, त्यात शू अडकतात, मग बाहेरून चहूबाजूने हलके ठोके दे, एकाच जागी हाणू नको, तडकेल. दुसरी बाजू हलवून बघ, गुळगुळीत फिरत असेल तर राहू दे. शू मात्र दोन्हीकडचे सोबतच बदल, नाहीतर ब्रेक एका अंगाला ओढेल.