'फ्रंट पोर्च'ला मराठीत काय म्हणाल? ओटा, ओटी, ओसरी, पडवी

गंगापूर रोड
घरसजावटीवरचा एक लेख मराठीत लिहायला घेतलाय. विषय साधा आहे: पुढच्या दाराबाहेरची छप्पर असलेली जागा कशी मांडावी, काय ठेवावं, म्हणजे आल्यागेल्याला घटकाभर टेकावंसं वाटेल. मी सरळ 'पोर्च' लिहिलं. घरात वाचून दाखवलं तर नवऱ्यानं विचारलं, "वेताच्या खुर्च्या पोर्चमध्ये, मग गाडी कुठे लावायची?" चांगला मराठी शब्द सुचवा.

पंचवटीकर
प्रश्न रास्त आहे. नाशकात बंगल्याचा पोर्च म्हणजे गाडीची जागा. मुळातला लॅटिन 'पोर्टिकस' म्हणजे खांबांवर छत पेललेली जागा, पण आपल्याकडे हा शब्द बंगल्यांच्या नकाशांतून आला आणि गाडीपाशीच थांबला.

माझं मत 'ओट्या'ला. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत दाराला लागून दगडी ओटा असतोच. जिथे दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावर गोदावरीचा पूर मोजतात, तिथे जोतं उंचच घेणार. त्या जोत्याचा दारापुढे काढलेला भाग म्हणजे ओटा. सकाळी सडा, पायरीशी रांगोळी, दसऱ्याला झेंडूचं तोरण. झाली सजावट.

सिडकोतून
ओटा आता स्वयंपाकघरात गेला हो! "ओट्याला ग्रॅनाइट टाकू की कडप्पा?" हेच मिस्त्री विचारतो. 'ओट्यावर रंगीत उशा मांडा' असं लिहिलंत तर वाचणारीला गॅसच्या शेगडीशेजारी उशा दिसतील.

माहेर रत्नागिरी
ओटी म्हणा की. आमच्याकडे क्रमच ठरलेला: खळं, पडवी, ओटी, मग माजघर. झोपाळा ओटीवर. पडवीचं छप्पर उतरतं, तिथे पावसाळ्यात लाकडं नि सटरफटर.

गंगापूर रोड
'ओटीची सजावट' असा मथळा दिला तर लोक खण-नारळ शोधत येतील.

नकाशेवाला
माझा रोजचा धंदा हाच, म्हणून जरा लांब लिहितो. चार गोष्टी वेगळ्या करा: उंची, छप्पर, खांब आणि तोंड कुणीकडे. ओट्याला उंची हवी, छप्पर असेल किंवा नसेल. पडवीला उतरतं छप्पर हवंच, मग ती घराच्या कुठल्याही अंगाला असो. ओसरीला छप्पर आणि खांब दोन्ही, आणि एक बाजू पूर्ण उघडी. अडचण एवढीच, की वाड्यात ही उघडी बाजू आतल्या चौकाकडे असते, रस्त्याकडे नाही. रस्त्याकडून आत शिरताना लागते ती देवडी किंवा ढेलज. ढेलज फारसी 'दिहलीज'वरून आली. तिथे पहारेकरी बसायचे, पाहुणे नव्हे. संस्कृत हवं असेल तर अमरकोशात बाहेरच्या दाराच्या कोठ्याला 'अलिंद' आहे. अर्थाला चपखल, पण असा मथळा पाहून एखाद्याला ते मुलाचं नाव वाटेल.

साध्या, चौक नसलेल्या घरात मात्र ओसरी सर्रास पुढे असते आणि लोक तिला ओसरीच म्हणतात. तुमच्या लेखातल्या जागेला छप्पर आहे, बसायला जागा आहे, तोंड रस्त्याकडे आहे. 'पुढची ओसरी' लिहा. छप्पर नसेल तिथे 'दारचा ओटा'. नुसतं 'दारचा' जोडलं की शेगडी आपोआप डोळ्यांपुढून जाते. व्हरांडा मला शाळा आणि सरकारी कचेरीचा वाटतो, आणि गॅलरी फ्लॅटची.

सटाण्याकडचा
आमच्याकडे ओट्याचा 'वट्टा' होतो. वट्ट्यावर कुणी कधी उशा मांडल्या नाहीत, तरी माणसं उठता उठत नाहीत.

पंचवटीकर
'दारचा ओटा' पटलं. आता आतल्या सामानाचे शब्दही नीट वापरा. पाण्यात फुलं सोडायच्या पसरट पितळी भांड्याला हल्ली सगळे 'उरळी' म्हणतात. तो केरळचा शब्द, मूळचं तिथलं स्वयंपाकाचं भांडं. आपल्याकडे याच कामाला घंगाळ चालतं, भांडी बाजारात मिळतं, आणि एखाद्या घरात माळ्यावर आजीचं पडलेलंही असतं.

गंगापूर रोड
घंगाळ घेतलं. दाराशी टाकायच्या मॅटला 'पायपोस' लिहिलंय, बरोबर ना?

नकाशेवाला
नाही! पायपोस म्हणजे पादत्राण. म्हणून तर गोंधळाला 'कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही' म्हणतात. मॅटला पायपुसणं. ऐकायला ओबडधोबड आहे, पण 'पायपोसावर पाय पुसा' यापेक्षा बरं.

सिडकोतून
आणि 'स्वागतशील ओसरी' असलं काही नका लिहू. असं कुणी बोलत नाही.

पंचवटीकर
'वेलकमिंग'साठी अगत्य आहे ना. गंमत अशी, की अगत्याचा जुना अर्थ गरज, निकड. 'अगत्याचे काम' म्हणजे तातडीचं काम. आता तो अर्थ मागे पडून आदरातिथ्याचा पुढे आला. पण अगत्य माणसाचं असतं, खुर्चीचं नाही. ओसरीला विशेषण न लावता तिथे काय असतं ते सांगा: पाण्याचा तांब्या, टेकायला लोड, चपला काढायला वेगळी जागा.

माहेर रत्नागिरी
झोपाळा विसरलात! विदर्भातल्या मैत्रिणी त्याला बंगई म्हणतात. झोका वेगळा, तो नागपंचमीला झाडाला बांधायचा.

नकाशेवाला
झोपाळ्याचं एक लेखात जरूर घाला. स्लॅबमध्ये हुक मागाहून ठोकून बसवत नाहीत, स्लॅब टाकतानाच सळईला अडकवून घेतात. राहून गेलं असेल तर लोखंडी चौकटीचा, जमिनीवर उभा राहणारा झोपाळा घ्यावा. आणि ओसरीचं तोंड पश्चिमेला असेल तर सागवानी फळी आतल्या भिंतीकडे सरकवून लावा. आपल्याकडे पावसाची झड त्याच बाजूनं येते, फळी फुगते आणि पितळी कड्या काळवंडतात.

गंगापूर रोड
आमचं तोंड पश्चिमेलाच आहे. मथळा ठरला: 'पुढची ओसरी कशी मांडाल?' पुढचा प्रश्न: खांबांमधल्या लाकडी जाळीदार आडोशाला कठडा म्हणायचं की कटांजन?