शब्दचर्चा: बंदुकीची ‘माशी’ म्हणजे नक्की कुठला भाग?

प्रश्न: दोन महायुद्धांतल्या बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने दांडा मागेपुढे ओढायच्या) रायफलींवरचा लेख मराठीत आणतोय. ‘आयर्न साइट्स’ला, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या भागांना, ‘लोखंडी माशी’ म्हटलं तर चालेल का?

– ‘लोखंडी’ काढाच. दुर्बीण न लावलेली, एवढंच तिथे सांगायचंय. आणि माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारका उंचवटा. मागच्या भागालाही माशी म्हटलंत तर सगळा घोळ. जर्मन माउझर रायफलींवर मागे खाच असते. त्यांतली दुसऱ्या महायुद्धातली कार ९८के बघा: माशी वर निमुळती, मागे इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच, आणि पट्टीवरची खिटी सरकवून १०० ते २००० मीटरपर्यंतचं अंतर लावायचं. तिच्या आधीच्या गेवेअर ९८वर सगळ्यांत खालचा आकडाच ४०० होता! खंदकातून शंभर मीटरवरच्या माणसावर झाडायची तर नेम मुद्दाम खाली धरावा लागे.

– आणि आपली थ्री नॉट थ्री, म्हणजे ब्रिटिश ली-एनफिल्ड?

– कुठली, ते आधी ठरवा. १९०७ची एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) मार्क ३ (बंगालात ईशापूरलाही बनायची) असेल तर माशी सपाट माथ्याची, तिला जपायला दोन बाजूंना पोलादी कान, आणि मागे खाच. दुसऱ्या महायुद्धातली नंबर ४ असेल तर खाच विसरा. तिथे पार मागे, डोळ्याजवळ, छिद्र आहे. खाचेतून बघताना खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्हींवर डोळा एकदम ठरत नाही. छिद्रातून नुसतं आरपार बघायचं, माशी आपोआप मधोमध येते. शिवाय माशी आणि छिद्र यांतलं अंतर वाढल्याने नेमातली चूक कमी होते. माझं मत विचाराल तर नंबर ४च सरस. तेव्हा तिच्याबद्दल ‘खाचेत माशी धरली’ लिहू नका, जाणकार पान मिटून ठेवेल.

– ‘शिस्त धरली’ कसं वाटतं? जुन्या मराठीत नेमाला शिस्तच म्हणत.

– शब्द अस्सल आहे, पण आजचा वाचक कवायतीची शिस्त समजेल. ऐतिहासिक कादंबरीत खुशाल वापरा, इथे ‘नेम धरला’. दोन्ही भाग मिळून म्हणायचं तर सरळ ‘साइट’ लिहा. पोलिसांतही फोरसाइट, बॅकसाइटच म्हणतात.

– पट्टीवरचे आकडे सगळे मीटरमध्ये देऊ?

– अजिबात नको. ब्रिटिश रायफलींवर गज, माउझरवर मीटर. मूळच्या १८९१च्या रशियन मोसिन-नागां रायफलीवर तर अर्शिन हे जुनं रशियन माप, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर. तिच्या सुधारलेल्या १८९१/३० मॉडेलवर मात्र मीटर आले. आकडा तसाच ठेवा, पुढे एकक लिहा.