कोंबुच्यावरचा तो थर: बुरशी, साय की विरजण?

रिकामी बरणी: घरी पहिल्यांदाच कोंबुचा (गोड चहाचं आंबटसर, फसफसणारं पेय) लावलाय. (की घातलाय? दही लावतात, लोणचं घालतात, म्हणून विचारते.) गोड चहावर आता पांढुरका, गुळगुळीत थर धरलाय. सासूबाई म्हणाल्या, "बुरशी आली, ओतून टाक." त्याला स्कोबी म्हणतात असं सांगून त्यांचं समाधान होत नाही. मराठीत काय म्हणावं? आणि चहा 'आंबला' की 'मुरला'?

चिंचगूळ: सासूबाई एकट्या नाहीत. रशियनमध्ये याला 'चायनी ग्रीब' म्हणतात, जपानीत 'कोचा किनोको'. दोन्हीकडे अर्थ चहाची अळंबी. प्रत्यक्षात ती अळंबीही नाही आणि बुरशीही नाही. ॲसिटिक आम्ल तयार करणारे जीवाणू सेल्युलोजचे तंतू विणतात, त्यांचा हा पापुद्रा. यीस्ट त्यात अडकून बसलेलं असतं. फिलिपिन्सचं नाता दे कोको अशाच जीवाणूंनी नारळपाण्यावर धरलेलं असतं, आणि ते लोक चवीनं खातात.

मी 'साय' म्हणते. आधी पातळ धरते, मग जाड होते, ओली आणि चकचकीत राहते. 'बुरशी' हा शब्द खऱ्या बुरशीसाठी राखून ठेवा: वरच्या बाजूला, कोरडी, लव आलेली, पांढरी, हिरवी किंवा काळी. ती दिसली तर सायीसकट सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं प्यायचं नाही. खाली लोंबणारे तपकिरी धागे मात्र यीस्टचे, त्यांना घाबरू नका.

ताकभात: सरळ 'विरजण' का नको?

चिंचगूळ: विरजण हवंच, पण ते नाव थराला देऊ नका. आधीच्या खेपेचा आंबट झालेला चहा, ते खरं विरजण. एक लिटर चहा, त्यात ७०-८० ग्रॅम साखर; पूर्ण निवल्यावर १०० ते १५० मिलि विरजण. त्यानं पहिल्या दिवसापासून आम्लता येते आणि बुरशीला थारा मिळत नाही. नुसती साय सोडली आणि विरजण घातलं चमचाभर, की सासूबाईंचं म्हणणं खरं ठरायची शक्यता वाढते. उलट साय नसली तरी चालतं, विरजणावर नवी धरते.

पोथीनिष्ठ: शाळेच्या पुस्तकातलं 'किण्वन' आठवा. त्यातला 'किण्व' हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात आहे: उडीद, तांदूळ वगैरे मिसळून केलेलं, सुरा आंबवण्यासाठी घालायचं ते किण्व. म्हणजे विरजणच.

ताकभात: स्वयंपाकघरात 'किण्व' म्हणून बघा, कोणीही ढुंकून बघणार नाही :)

आंबणे-मुरण्याबद्दल माझं मत. लोणचं, मुरांबा मुरतात. तिथे खार किंवा पाक आत शिरायचा असतो. कोंबुचा आंबतो. पण नुसतं 'आंबला' म्हणू नका. डोशाचं पीठ आंबलं की आनंद, आमटी आंबली की मोरीत. म्हणून 'आंबवला' म्हणा, म्हणजे मुद्दाम केलाय हे कळतं.

रिकामी बरणी: 'कोंबुच्याला' की 'कोंबुचाला'? मला उगाच कोणा कोंबूचा काहीतरी असल्यासारखं वाटतं.

चिंचगूळ: 'कोंबुच्याला' जिभेवर सहज येतं. बाकी शेवटचा 'चा' आपला चहाचाच. गंमत म्हणजे जपानमध्ये कोंबुचा मागितलात तर कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचा खारट चहा येईल. हे पेय त्याच्या नावानं जगभर कसं ओळखलं जाऊ लागलं, त्याच्या दंतकथा पुष्कळ आहेत, भरवशाची एकही नाही.

ताकभात: 'लावला' बरोबर. विरजण लावलं की लावलाच. बरणी काचेची घ्या, जुन्या चिनीमातीच्या बरणीच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबटात ते उतरतं. तोंडाला झाकण नको, सुती फडक्याचा दादरा घट्ट बांधा. हवा हवी, चिलटं नकोत. आठवड्याभरात चाखून बघा. मे महिन्यात त्याआधीच.

चिंचगूळ: आणि नंतर आलं किंवा फळ घालून बाटलीत भरलात, तर त्याला 'मुरवत ठेवलाय' म्हणू नका. घरातले निवांत राहतील. 'फसफसायला ठेवलाय' म्हणा. बंद बाटलीत वायू साठतो, साधी काचेची बाटली फुटू शकते. जाड, दाब सोसणारी बाटली घ्या, वर थोडी जागा सोडा आणि फसफसला की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. यीस्टमुळे किंचित मद्यार्क असतोच, सासूबाईंना द्यायच्या आधी तेवढं सांगा.