वही मिटून बघा

सराव प्रश्नसंच म्हणजे नुसती घोकंपट्टी, असं वर एकांनी लिहिलंय. मला नाही पटलं. माझी पोरगी सेकंड पीयूला (कर्नाटकातली बारावी), सायकॉलॉजी घेतलंय. खानापूर-बेळगाव बसमध्ये ती प्रश्न वाचते, वही मिटते, उत्तर आठवते, मगच पान उघडते. परवा पाव्हलॉवच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगातला कंडिशन्ड स्टिम्युलस (खाण्याशी जोड बसल्यावर ज्या नुसत्या इशाऱ्याने लाळ सुटते तो) विचारला होता, हिने ठोकून दिलं 'लाळ'! पान उघडून 'घंटा' हे उत्तर बघून स्वतःच हसली. ती चूक आता विसरायची नाही.

रोडिगर-कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून बघणारे. उत्तरं शेजारी उघडी ठेवून 'सराव' करणाऱ्यांबद्दल मात्र घोकंपट्टीचं ते म्हणणं बरोबर आहे.