मदत हवी आहे: पपेटच्या फेलओव्हरसाठी सीनेम, एसआरव्ही की सर्व्हर_लिस्ट?

पपेट (अनेक मशीनची सेटिंग आपोआप लावणारं साधन) चे दोन सर्व्हर आहेत, दोन्हींवर एकाच गिट रेपोचा कोड. एक पडला की दुसऱ्याने काम घ्यावं (फेलओव्हर), एवढंच हवं आहे. एजंट (प्रत्येक मशीनवरचा पपेटचा प्रोग्रॅम) 'पपेट' या सीनेमवरून (डीएनएसमधलं टोपणनाव, जे खऱ्या सर्व्हरच्या नावाकडे नेतं) पोर्ट 8140 ला जोडतात. पहिला सर्व्हर पडला की सीनेम दुसऱ्याकडे वळवायचा, एवढीच सध्याची योजना. टीटीएल (डीएनएसचं उत्तर किती वेळ साठवायचं ती मुदत) 60 सेकंद ठेवला आहे आणि एजंट दर 30 मिनिटांनी धावतो, त्यामुळे रेकॉर्ड पसरायला लागणारा वेळ ही खरी अडचण नाही. काही मशीनवर एनएससीडी (डीएनएसची उत्तरं साठवणारी सेवा) जुना पत्ता धरून ठेवतो, पण ते आवरता येतं.

खरी गोची सर्टिफिकेटची. दुसऱ्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये 'पपेट' हे नाव नसेल तर एजंट नाव जुळत नाही म्हणून थांबतो. डीएनएस_ऑल्ट_नेम्स (सर्टिफिकेटमधली जादा नावं सांगणारं सेटिंग) सही होण्याआधीच लिहावं लागतं. नंतर लिहिलं तर सर्टिफिकेट नव्याने काढणं आलं. दुसऱ्यावर चुकून स्वतंत्र सीए (सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा) उभा राहिला तर एजंट त्यावर विश्वासच ठेवत नाहीत. म्हणून तिथला सीए बंद आहे.

आता प्रश्न. सीनेम हाताने वळवावा लागतो, कारण सर्व्हर जिवंत आहे का हे डीएनएस बघत नाही. मग एसआरव्ही रेकॉर्डमध्ये (सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी डीएनएस नोंद) वेगवेगळी प्राथमिकता द्यावी, की डीएनएस सोडून सर्व्हर_लिस्ट (एजंटच्या सेटिंगमधली सर्व्हरची यादी) वापरावी? आणि सीएचं काय करता? पहिला बंद असताना नव्या मशीनच्या सह्या अडतातच. सीएची डिरेक्टरी आरसिंकने (फाइली कॉपी करून जुळवणारं साधन) दुसरीकडे नेत असाल तर सीरियल फाइल (पुढच्या सर्टिफिकेटचा क्रमांक) आणि सीआरएल (रद्द सर्टिफिकेटची यादी) मागे पडू नयेत म्हणून नेमकी काय काळजी घेता?