मदत हवी आहे: चार आणि सात वर्षांच्या मुलांना एकत्र खेळता येईल असा ठोकळ्यांचा पट

नमस्कार मंडळी,

आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. मुलगा चार पूर्ण, ज्युनियर केजीत. पावसामुळे संध्याकाळी खाली खेळायला पाठवता येत नाही, म्हणून दोघांनी घरात एकत्र बसून खेळावं असं काहीतरी शोधते आहे. मोबाइलवरचं नको.

माझ्या मावसभावाने त्याच्याकडचा लेगोचा ‘मिनोटॉरस’ हा जुना खेळ मुलांना दिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लेगोने 2009 मध्ये पटावरच्या खेळांची एक मालिका काढली होती, पुढे काही वर्षांनी ती बंद झाली. त्यातला पट तयार मिळत नाही, ठोकळे जोडून आपणच बांधायचा आणि मग त्यावर खेळायचं. फासासुद्धा जोडायचा असतो आणि त्याच्या बाजूंवरच्या चकत्या काढून दुसऱ्या बसवता येतात. मिनोटॉरसमध्ये मधोमध देऊळ, भोवती कुंपणांचा चक्रव्यूह आणि एक राक्षस. राक्षसाने गाठलं की सोंगटी परत सुरुवातीला. आपली एक सोंगटी देवळात पोचली की डाव जिंकला. खोक्यावर वय सात आणि पुढे असं लिहिलं आहे.

बांधकामापर्यंत सगळं फार छान चालतं. ताई पुस्तिका बघून सांगते, “आता लांब हिरवा दे, चार टिकल्यांचा”, आणि धाकटा ढिगातून तो हुडकून देतो. लावताना अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबतो. त्याला रंग, आकार, मोजणं सगळं तिथेच मिळतं असं मला वाटतं, तिथे मी मध्ये पडतही नाही.

भांडण सुरू होतं ते फासा हातात घेतल्यावर. तो ज्या घरात उभा आहे त्या घरालाच ‘एक’ म्हणून मोजतो. ताई टोकते. मग राक्षस येतो, सोंगटी परत जाते आणि रडारड. आमच्या लहानपणच्या रिवाजाप्रमाणे त्याला कच्चा लिंबू करून पाहिलं: राक्षसाने त्याला धरायचं नाही. सुरुवातीला खूश होता. आता त्याला कळायला लागलंय की आपल्याला मोजतच नाहीत. “मी पण खरं खरं खेळणार” म्हणतो. आणि मुलगी म्हणते, “त्याला कोणी मारायचंच नाही, मग मी जिंकले काय आणि नाही काय!” मला दोघांचंही पटतं. धाकट्याला खरा गडी म्हणून घ्यायचं आणि मोठीलाही डाव खरा वाटला पाहिजे, हे एकाच पटावर कसं जमवायचं?

माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. दोघांनाही लोकलचं वेड आहे, तर आपल्या ट्रान्स हार्बर मार्गाचाच पट बांधायचा. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. नऊ स्टेशनं झाली. आमच्याकडे 32 बाय 32 टिकल्यांची हिरवी प्लेट आहे, साधारण साडेपंचवीस सेंटिमीटरची. दोन बाय दोनचा एक ठोकळा म्हणजे एक घर धरलं तर एका ओळीत सोळा घरं बसतात. प्रत्येक दोन स्टेशनांमध्ये एक रिकामं घर ठेवायचं तर सतरा लागतात, म्हणून ठाणे आणि दिघा गाव शेजारी शेजारी लावले. मुलीने लगेच विचारलं की असं का, तेव्हा तिला सांगितलं की दिघा गाव 2024 मध्ये नवीन झालं, तोपर्यंत गाडी ठाण्याहून थेट ऐरोलीलाच थांबायची. ते तिला चाललं.

पट तयार आहे, नियम नाहीत. नुसता फासा टाकून पुढे जायचं तर मुलीला दोन डावांत कंटाळा येईल. कोणी घरी असं काही केलं आहे का? फासा कसा ठेवावा, पकडापकडी ठेवावी की नको, आणि डाव किती वेळात संपावा, अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

अगं, आमच्या नौपाड्यातल्या घरी अजून नातवंडं अष्टाचल्लस खेळतात. पाच बाय पाचची घरं, चार कवड्या. फुलीच्या घरात कोणी कोणाला मारू शकत नाही, मग तो आजोबा असो की नातू. धाकटा बसला की आम्ही पटावर दोन फुल्या जास्त काढतो. त्या सगळ्यांनाच असतात, म्हणून मोठे कुरकुरत नाहीत. तुझी स्टेशनं म्हणजे आयत्या फुल्याच आहेत की! स्टेशनात उभा असेल त्याला मारायचं नाही, मधल्या घरात सापडला तर मारायचं, पण थेट ठाण्याला न पाठवता मागच्या स्टेशनावर. मारल्याचा आनंद मोठीला मिळतो आणि धाकट्याचं फार नुकसान होत नाही. फाशाऐवजी चिंचोके अर्धे करून घे. चार टाकले की दोन पांढरे पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्यामुळे उड्या लहान राहतात. कवड्या-चिंचोके खेळ संपला की उचलून ठेव, घरी रांगतं मूल येत असेल तर विशेष.

प्रतिसाद २

मी बालवाडीत शिकवते. पट सरळ रेषेत आहे हे उत्तम. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी या अमेरिकेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर अगदी साधा पट वापरला होता: एका ओळीत 1 ते 10 घरं आणि एक किंवा दोन पडणारी चकती. पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठकींनंतर मुलांची अंकांची समज चांगलीच वाढलेली दिसली. नंतर त्यांनी गोल पटही वापरून पाहिला, त्याचा तसा फायदा झाला नाही.

तेव्हा प्रत्येक घरावर आकडा चिकटवा, ठाणे 1 आणि वाशी 16. मुलगा 6 वर असेल आणि दोन पडले तर ‘एक, दोन’ असं न म्हणता ‘सात, आठ’ म्हणत सोंगटी हलवायची. उभ्या घराला एक म्हणण्याचा घोळ यात आपोआप सुटतो, कारण सहाच्या पुढे सात येतो हे त्याला पाठ असतं. ताईला टोकायला न लावता तिनेही तसंच मोठ्याने मोजायचं. ऐकून तो उचलतो.

प्रतिसाद ३

खारघरहून. माझी मुलं सहा आणि चार. आमच्याकडे एकमेकांविरुद्ध खेळणं काही काळ बंदच ठेवलं आणि सगळे मिळून पावसाविरुद्ध खेळलो. तुमच्याकडे चकत्या बदलता येणारा फासा आहे, त्याचा उपयोग करा: 1, 1, 2, 2, 3 आणि एक निळी बाजू. निळं पडलं की रुळांवर पाणी चढलं, बाजूच्या मनोऱ्यावर एक निळा ठोकळा. तीन सोंगट्या वाशीला पोचायच्या आत मनोरा सहा मजली झाला तर लोकल बंद, सगळे हरले. फासा कोणीही टाकला तरी कुठली सोंगटी हलवायची ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, तिथे तुमच्या मुलीला डोकं चालवायला वाव आहे. वाशीला नेमके तेवढेच पडायला हवेत असा नियम नको, त्यात चार वर्षांच्या मुलाचा धीर सुटतो. आमचा डाव अर्ध्या तासाच्या आत संपतो. फार सोपं वाटलं तर मनोरा पाच मजल्यांचा करा.

जास्तीचे ठोकळे लागले तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात शोधा, पण घरचा एक ठोकळा खिशात घेऊन जा आणि तिथेच जोडून बघा. शिवाय आयएसआयची खूण बघा, खेळण्यांवर ती जानेवारी 2021 पासून सक्तीची आहे.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. आकडे आजच चिकटवले. पावसाचा खेळ मुलीला इतका आवडला की हरल्यावर दोघं मिळून पावसावर चिडले, एकमेकांवर नाही! निळं पडलं की ठोकळा लावायचं काम धाकट्याने स्वतःकडे घेतलं आहे. फुल्यांचा खेळ थोड्या दिवसांनी सुरू करीन.

आता मुलीचा प्रश्न: तुर्भ्याला एक फाटा जुईनगर-नेरूळकडे जातो, तो का नाही बांधला? मोजून पाहिलं तर मध्ये एकेक रिकामं घर ठेवून नेरूळही बरोबर सोळाव्या घरात येतं, म्हणजे दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या. मग वाट निवडण्यात काही अर्थ यावा म्हणून नेरूळच्या फाट्यावर काय वेगळं ठेवावं? पाणी तिकडे लवकर चढावं की उशिरा? सुचवा.