टिझॅनिडीन आणि पोटाची गोळी

कंबरदुखीवर स्नायू सैल करायला देतात त्या गोळ्यांबद्दल झोप येते, गाडी चालवू नका, दारू नको, हे सगळ्यांनी लिहिलंय ते बरोबरच. पण त्या गोळीत टिझॅनिडीन हे स्नायू सैल करणारं औषध असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो, जंतू मारणारी अँटिबायोटिक गोळी) अजिबात घ्यायची नाही, हे कुणीच लिहिलं नाही. आमच्या खानापूरकडे जुलाब लागले की दुकानातून सिप्रो आणायची, डॉक्टर कशाला! सिप्रोमुळे यकृतात टिझॅनिडीन मोडत नाही, रक्तातलं प्रमाण साधारण 10 पट चढतं आणि बीपी धाडकन उतरतं. शेजारच्या काकूंनी रोपलावणीत दोन्ही घेतल्या, न्हाणीच्या दारातच चौकट धरून खाली बसल्या. दवाखान्यात कुठल्या गोळ्या घेतल्या विचारलं तर हातात कापलेली पट्टी, नावाचा तुकडा दुकानातच राहिलेला. पट्टी कापून घेताना निदान औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा.